ब्रेक कुणाच्या पायाखाली

माझ्या आत्याला दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसवणं म्हणजे डोक्याला ताप. चालवणाऱ्याच्या शेजारी बसली की तिचा पाय आपोआप पुढे जातो आणि समोर माणूस, कुत्रं, खड्डा, काहीही दिसलं की ती गाडीचा तळ दाबायला लागते. बाबांच्या जुन्या गाडीत तिच्या बाजूच्या रबरी चटईला एकाच जागी झिजून भोक पडलंय. ते ताईमुळेच, असं बाबा छातीठोकपणे सांगतात.

"अगं ताई, तिथे ब्रेक नाहीये," ते वैतागून म्हणतात.

"माहितीये," आत्या म्हणते. "म्हणून तर भीती वाटते."

आत्या लोकांना गाडी चालवायला शिकवते. तिची ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक गॅरेज, एक गाडी आणि एक टेबल. टेबलापाशी काका, म्हणजे आत्याचे यजमान, बसतात. फोन घेतात, कुणी किती वाजता यायचं ते ठरवतात, आणि वेळ मिळाला की गाडीखाली आडवे होऊन काहीतरी खुडबुड करतात. गाडीच्या टपावर लाल रंगात 'एल' लिहिलेली पाटी आहे. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक बसवलेले आहेत. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, दिवसभर सर्किट बोर्ड तपासते, पण त्या गाडीची जोडणी मला अजून आवडते. वायर नाही, सेन्सर नाही. सीटखालून एक लोखंडी दांडी जाते, बस. आत्याने पाय दाबला की शिकणाऱ्याच्या पायाखालचा ब्रेकही खाली जातो. स्टिअरिंग मात्र एकच, आणि ते शिकणाऱ्याच्या हातात.

आधी काका शिकवायचे. त्यांचा स्वभाव असा की शिकणारा चुकला तरी ते गप्प बसायचे आणि घरी येऊन डोकं धरायचे. एकदा डोक्याऐवजी कंबर धरली आणि आठवडाभर उठता येईना. तेव्हा दारात आलेल्या एका शिकाऊ माणसाला आत्या म्हणाली, "चला, मी बसते."

"तुम्ही?"

"का? गाडीला कळतं का शेजारी कोण बसलंय?"

तेव्हापासून ती त्या सीटवरून उठलीच नाही. अर्धं गाव तिने शिकवलं. ती ओरडते, फार ओरडते. क्लच आधी सोडला तर तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. एका शिक्षकाला तिने भर चौकात "आरसा भांग पाडायला लावलाय का?" असं विचारलं होतं. त्यांच्या डोक्यावर तेव्हाही केस नव्हते. लोकांनी तिचं नाव 'ब्रेकबाई' ठेवलं आणि तिनेही ते ठेवून घेतलं.

पण तिचा एक नियम आहे. शिकणाऱ्याने गाडी कुठे ठोकली, तर दार उघडून सगळ्यात आधी ती उतरते. समोरचा कितीही भडकलेला असो, ती हात जोडून म्हणते, "चूक माझी." मी स्वतः तिच्याकडे शिकत असताना एका फर्निचरच्या दुकानाबाहेर ठेवलेलं कपाट आडवं केलं होतं. दुकानदार माझ्या अंगावर धावून आला, तर ही मध्ये. मी नंतर रडत म्हटलं, "आत्या, स्टिअरिंग तर माझ्या हातात होतं."

"आणि ब्रेक कुणाच्या पायाखाली होता?"

"तुझ्या."

"मग चूक कुणाची? डोळे पूस, पहिला गिअर टाक."

हा नियम लक्षात ठेवा. पुढे नगरपालिकेच्या एका साहेबांना जे भोवलं ते या नियमामुळेच.

आमच्या गावाच्या कडेला एक तळं आहे. ज्यांना ते बुजवायचं असतं ते त्याला डबकं म्हणतात. खूप वर्षांपूर्वी पलीकडे एक कारखाना येणार होता, म्हणून तळ्याच्या बरोबर मधून भराव टाकून रस्ता बांधला. कारखाना आलाच नाही. रस्ता राहिला. एका टोकाला गाव, दुसऱ्या टोकाला रिकामं माळरान. पाणी इकडून तिकडे जावं म्हणून रस्त्याखाली एक पाइप टाकला होता, तो कायम तुंबलेला. त्यामुळे तळ्याचे दोन तुकडे झाले. वरच्या तुकड्यात पाणी साचून राहायचं आणि पाऊस जोराचा झाला की काठच्या घरांत शिरायचं. खालचा तुकडा उन्हाळ्याच्या आधीच आटायचा. भेगा पडलेल्या चिखलात मासे तडफडून मरायचे आणि वाऱ्याची दिशा बदलली की गावभर घाण वास सुटायचा.

आत्याला त्या वासाचं काही वाटत नसे. तिच्यासाठी तो रस्ता म्हणजे सोनं होतं. सरळ, रुंद, आणि वाहतूक शून्य. गावात शिकवणाऱ्यांना दुसरी अशी जागा नाही. रिव्हर्स शिकवायचा तर तिथेच, चढावर हाफ क्लच शिकवायचा तर त्या भरावाच्या उतारावर. फार तर काय होईल, गाडी बोरूच्या झुडपात जाईल. तशा त्या गेल्याही आहेत, आणि बाहेर काढायला काका दोर घेऊन गेले आहेत.

मग एके दिवशी नगरपालिकेतून फोन आला. तळ्याचं पुनरुज्जीवन करायचंय, आणि या वेळी निर्णय नागरिकांनीच घ्यायचाय, म्हणून मतदारयादीतून चिठ्ठ्या काढून बारा जणांची समिती नेमलीय. तुमची चिठ्ठी निघालीय.

"चिठ्ठी निघाली?" आत्या म्हणाली. "हे बघा, मी ओटीपी सांगणार नाही." आणि फोन ठेवला.

तिसऱ्या फोनला काकांनी मध्यस्थी केली. समितीत जायचं कारण आत्याने त्याच रात्री जेवताना आम्हाला स्पष्ट सांगितलं. "तिथे कुणीतरी रस्ता काढा म्हणणार. मी नसले तर काढतीलही."

पहिल्या बैठकीत प्रकल्पाचे साहेब आले. इस्त्री कडक, बोलणं मऊ. ते म्हणाले, "आजवर आम्ही ठरवायचो आणि तुम्ही शिव्या द्यायचात. आता तुम्ही ठरवा. स्टिअरिंग तुमच्या हातात." हे वाक्य आत्याने घरी येऊन मोठ्या कौतुकाने सांगितलं. तिला वाटलं, माणूस आपल्या धंद्यातलं बोलतोय.

पुढचे कित्येक रविवार ती बारा माणसं नगरपालिकेच्या सभागृहात बसली. रविवार हा आत्याचा सगळ्यात जास्त शिकाऊ येण्याचा दिवस, तो तिने सोडला. तिच्या शेजारी एक निवृत्त परिचारिका बसायच्या, त्यांना सगळे सिस्टर म्हणत. समोर एक न्हावी, जो काही मुद्दा मांडायचा झाला की समोरच्याच्या डोक्याकडे बघूनच बोलायचा. आणि माहिती द्यायला तळ्याच्या अभ्यासक मॅडम. गुडघ्यापर्यंत बूट, बुटांवर वाळलेला चिखल. आत्याने पहिल्याच दिवशी त्यांचं नाव 'चिखलवाल्या मॅडम' ठेवलं.

पहिल्याच बैठकीत आत्या आणि सिस्टर यांची जुंपली. सिस्टरचं घर वरच्या तुकड्याच्या काठावर. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. पाऊस आला की त्यांच्या पलंगाखाली विटा सरकवायच्या, पाणी ओसरलं की काढायच्या. त्या म्हणाल्या, "रस्ता काढा. पाण्याला जाऊ द्या."

"पाइप साफ करा ना मग," आत्या म्हणाली. "एवढ्यासाठी अख्खा रस्ता कशाला उखडायचा? दात किडला म्हणून जबडा काढता का तुम्ही लोक?"

"मी परिचारिका होते, दाताची नाही."

"तेच म्हणतेय. ज्यातलं कळत नाही—"

"तुम्हाला कळतं वाटतं पाण्यातलं?"

शेवटी न्हावी म्हणाला, "बायांनो, डोकी शांत ठेवा, मला रोज गरम डोक्यांवरच काम असतं."

सभागृहातली भांडणं तिथेच विरली असती. पण आत्या हट्टी. तिने चिखलवाल्या मॅडमना विचारलं, "पाइप साफ केला तर चालेल का, हो की नाही ते सांगा." मॅडम म्हणाल्या, "मला वाटतं नाही चालणार. पण मी खात्रीने सांगू शकत नाही. करून बघा."

आत्याला हे उत्तर फार आवडलं. "एवढं शिकून बाई 'माहीत नाही' म्हणाली गं," ती मला म्हणाली. "आपल्याकडे परवान्याच्या खिडकीवरचा माणूससुद्धा कधी 'माहीत नाही' म्हणत नाही."

मग त्यांनी खरंच करून बघितलं. समितीतले धडधाकट लोक, काका, त्यांचा तो दोर आणि दोन भाड्याची माणसं, असे सगळे पाइपच्या तोंडाशी उतरले. पाणवेल, प्लास्टिक, एक अख्खी सायकल, काय काय निघालं. सिस्टर काठावर उभ्या राहून सगळ्यांच्या हातांना औषध लावत होत्या. संध्याकाळी पाइपमधून पाणी सुटलं तेव्हा आत्याने सिस्टरकडे बघून अशी मान हलवली, जणू परीक्षेला बसलेला विद्यार्थी पहिल्या झटक्यात पास झालाय. पुढच्या आठवड्यात पाऊस झाला नाही, वारा तेवढा सुटला. आणि पाइप परत तुंबला. काठावरची सगळी पाणवेल वाऱ्याने ढकलत आणून पाइपच्या तोंडात कोंबली होती. त्यांनी तो पुन्हा साफ केला. तो पुन्हा तुंबला. मोठा पाइप टाकला तर? मॅडम त्यांना दुसऱ्या गावाच्या एका तळ्यावर घेऊन गेल्या. तिथे मोठा पाइप होता, आणि तोही गळ्यापर्यंत भरलेला.

एरवी बसमध्येही तिचा पाय ब्रेक शोधत असतो. त्या दिवशी परतताना तो स्थिर होता, असं सिस्टर सांगतात.

शेवटच्या बैठकीत मतदान झालं. पर्याय दोन. रस्ता ठेवून काठाची सजावट, किंवा रस्ता काढून दोन्ही तुकडे जोडायचे आणि माणसांना चालत जायला अरुंद पूल. हात वर होत गेले. आत्याचा हात सगळ्यात शेवटी वर गेला, पण गेला. रस्ता काढायचा. बाराही जणांनी एकमताने ठरवलं.

लोकांना वाटतं, मत बदलणं सोपं असतं. तुम्ही दोन तक्ते बघता, एखादं भाषण ऐकता आणि मन बदलतं. आत्याचं मत बदललं त्याची किंमत तिने गल्लीत मोजली. गावात गाडी शिकवणाऱ्यांची आणखी तीन-चार दुकानं आहेत. त्यातले एक काकांचे जुने मित्र, सगळे त्यांना 'टॉप गिअर' म्हणतात. ते दुसऱ्याच दिवशी गॅरेजच्या दारात येऊन उभे राहिले.

"वहिनी, तळ्याचं पाणी पाजलं का हो तुम्हाला समितीत?"

"चहा पाजला. बेचव होता."

"आमच्या वतीने गेला होतात ना तुम्ही? आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलात, वर आमच्याही."

"मी कुणाच्याच वतीने गेले नव्हते. माझी चिठ्ठी निघाली होती."

"आता शिकवणार कुठे? घराच्या गच्चीवर?"

काका टेबलावरचा कागद उगाच सरळ करत राहिले. त्या दिवसानंतर टॉप गिअर आणि काकांचं संध्याकाळचं फिरणं बंद झालं. काकांनी तक्रार केली नाही, पण संध्याकाळी चपला घालून ते दारापर्यंत जायचे आणि परत यायचे.

आणि आत्याने काय करावं? रस्ता अजून जागेवर होता, पण तिने त्यावर गाडी नेणंच बंद केलं. "ज्याला काढा म्हणून हात वर केला, त्याच्यावरच पोरं शिकवायची? मला नाही जमणार." बाजारामागच्या पार्किंगमध्ये ती शिकवायला लागली. तिथे हातगाड्या, टेम्पो, मध्येच झोपलेली कुत्री. एक रिव्हर्स घ्यायला अर्धा तास. काही शिकणारे कंटाळून टॉप गिअरकडे गेले. आत्या म्हणाली, "जाऊ देत. तळं भरलं की बघायला येतील."

मग काही महिने काहीच झालं नाही. समितीच्या लोकांनी फोन केले तर उत्तर यायचं, प्रक्रिया सुरू आहे.

आणि एका सकाळी रोलर आले. पत्र्याच्या आडोशामागे काही आठवडे काम चाललं, आणि रस्ता काढतायत असंच सगळ्यांना वाटलं.

आडोसा निघाला त्या दिवशी आत्या एका शिकाऊ बाईंना घेऊन पेट्रोल पंपाकडे चालली होती. तळ्याच्या वळणावर तिने कर्रकन ब्रेक दाबला. बिचाऱ्या बाई स्टिअरिंगवर आपटता आपटता वाचल्या.

"काय झालं? माझं काही चुकलं का?"

"नाही. तुम्ही काहीच केलं नाहीत," आत्या म्हणाली. "मीही काही केलेलं नाहीये. तेच तर बघतेय."

रस्ता काढलेला नव्हता. रस्ता रुंद झाला होता. वर नवीन डांबर, दोन्ही बाजूंना कठडे, कठड्यांवर दिव्यांचे खांब. जुन्या पाइपला नवा गुलाबी रंग दिला होता. भिंतीवर बगळे रंगवले होते, चांगले माणसाएवढे बगळे. खालच्या तुकड्यात मात्र तोच भेगाळलेला चिखल. आणि रस्त्याच्या तोंडाशी एक भली मोठी पाटी. 'नागरिक समितीच्या निर्णयानुसार तळ्याचे पुनरुज्जीवन.' खाली बारा नावं. त्यातलं सातवं नाव आत्याचं. तिचं, काकांचं आणि आडनाव, पूर्ण.

मला तेव्हाही संताप आला आणि आज लिहितानाही येतोय. माझ्या कामात एखाद्या यंत्राला बटण लावलं आणि आतून त्याची वायरच जोडली नाही, तर त्याला दोष म्हणतात आणि ते यंत्र परत येतं. इथे माणसांना बटण दिलं, कित्येक रविवार दाबायला लावलं, वायर जोडलीच नव्हती, आणि वर पाटी लावली, की बटण यांनीच दाबलं. त्यांना तुमचं मत नको होतं. त्यांना तुमचं नाव हवं होतं.

आत्या शिकाऊ बाईंना घरी सोडून तडक नगरपालिकेत गेली. मी सुट्टी काढून सोबत गेले, कारण काकांना तिच्या आवाजाची काळजी वाटत होती. साहेबांनी बसायला सांगितलं. पाणी मागवलं.

"पाटीवर तुमचं नाव चुकीचं पडलंय का?" त्यांनी विचारलं. "एका सदस्यांची वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त केलीय."

"नाव बरोबर आहे," आत्या म्हणाली. "बाकी सगळं चुकलंय. आम्ही रस्ता काढा म्हणालो होतो."

"ती शिफारस होती. शिफारशीचा आम्ही पूर्ण विचार केला. पण तांत्रिक बाजू असतात, वरून सूचना असतात. रस्ता ठेवूनही तळ्याचा विकास करता येतो, असा निष्कर्ष निघाला."

"कुणी काढला?"

"विभागाने."

"मग विभागाच्या निर्णयानुसार असं लिहा."

साहेब हसले. "ताई, तुम्ही सगळे सहभागी झालात, हेच मोठं यश आहे. राज्यभर आपल्या समितीचं कौतुक होतंय."

"मी माझी शिकवायची जागा सोडली हो," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि तीच मला काळजीची गोष्ट वाटली. "माझ्या नवऱ्याचा मित्र तुटला. सिस्टरच्या सासूबाई अजून विटांवर आहेत. आम्ही भांडलो, पाइपात हात घातले, मग एकमत केलं. ते तुम्ही टाकून दिलंत. टाका. तुमचा अधिकार असेल. पण तुमच्या कामावर आमचं नाव?"

"तुमची इच्छा असेल तर तुमचं एकटीचं नाव काढतो."

"एकटीचं नको. बाराही काढा. नाहीतर पाटीवर लिहिलंय ते करा."

साहेबांनी घड्याळ बघितलं.

बाहेर आल्यावर जिन्यात आत्या म्हणाली, "मला सुरुवातीला म्हणाला होता, स्टिअरिंग तुमच्या हातात. आणि मी खूश झाले. मी! आयुष्यभर त्या सीटवर बसलेली बाई. मी खाली वाकून बघायला नको होतं का, की ब्रेक कुणाच्या पायाखाली आहे?"

उद्घाटनाला मंडप होता, बारा जणांसाठी पुढच्या खुर्च्या होत्या, पुष्पगुच्छ होते. आदल्या दिवशी बाराही जण आत्याच्या गॅरेजमध्ये जमले होते. खुर्च्या पुरल्या नाहीत तेव्हा तिघं गाडीत बसले, न्हावी स्टिअरिंगवर. जावं की न जावं यावर पुन्हा भांडण झालं, आणि शेवटी ठरलं की जायचं. नागरिकांतर्फे दोन शब्द बोलायला साहेबांनी सिस्टरना सांगितलं होतं. त्यांचा स्वभाव सौम्य, म्हणून. मंचावर सिस्टर उठल्या, माइकपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "माझ्या वतीने या बोलतील." आणि खाली बसल्या.

साहेब अर्धे उठले, पण टाळ्या सुरू झाल्या होत्या.

आत्याला भाषण करता येत नाही. तिला ओरडता येतं. माइक असल्याने तेही करावं लागलं नाही.

"मी गाडी शिकवते," ती म्हणाली. "समोर बसलेल्या निम्म्या लोकांना मी शिकवलंय, मागच्या रांगेतल्यांना अजून हाफ क्लच येत नाही." लोक हसले. "माझ्या गाडीत दोन ब्रेक आहेत. शिकणाऱ्याला मी सांगते, तू चालवतोयस. पण खरा ब्रेक माझ्याकडे असतो. म्हणून गाडी ठोकली, तर मी उतरते आणि चूक माझी म्हणते. मी त्याला पुढे ढकलून मागे लपत नाही." तिने पाटीकडे हात केला. "या रस्त्यावर आमची नावं आहेत. आम्ही हा रस्ता काढा म्हणालो होतो. बाराही जण म्हणालो होतो. ब्रेक आमच्या पायाखाली नव्हता. ज्यांच्या पायाखाली होता, त्यांनी उतरावं आणि आपलं नाव सांगावं. बस, एवढंच."

ती खाली बसली. सिस्टर उठल्या आणि आपला पुष्पगुच्छ पाटीखाली नेऊन ठेवला. मग न्हावी गेला. मग एकेक करून सगळे. बारा पुष्पगुच्छ एका पाटीखाली ठेवले की ते कशासारखं दिसतं, हे कुणी बोललं नाही, पण बातमी देणाऱ्यांनी फोटो मात्र नेमका तोच घेतला.

प्रमुख पाहुण्यांनी फीत न कापताच गाडी गाठली. त्याच आठवड्यात पाटी उतरली. काही दिवसांनी नवी आली. त्यावर समितीचा उल्लेख नाही. विभागाचं नाव, साहेबांचं पूर्ण नाव आणि कार्यालयाचा फोन.

साहेबांनी आत्याला फोन केला. "आता तरी समाधान झालं?"

"नाही," आत्या म्हणाली. "तळं अजून फाटलेलंच आहे. पण निदान फाडणाऱ्याचं नाव बरोबर आहे."

टॉप गिअर आणि बाकीचे आता त्या गुळगुळीत रस्त्यावर शिकवतात. दिवे आहेत, कठडे आहेत, गाडी बोरूत जायची भीती नाही. त्यांनी काकांना निरोप पाठवला, "वहिनींना म्हणावं, या. रस्ता सगळ्यांचा आहे." काका परत फिरायला जातात त्यांच्याबरोबर. आत्या मात्र बाजारामागेच शिकवते. "मी हात वर केला होता," एवढंच म्हणते.

पुढच्या मोठ्या पावसात सिस्टरच्या गल्लीत पाणी शिरलं, दरवर्षीपेक्षा जास्त, कारण रुंद झालेल्या भरावाने पाण्याची उरलीसुरली वाटही अडवली होती. आधी असं झालं की गल्ली एकमेकांना, देवाला आणि हवामानखात्याला शिव्या द्यायची. या वेळी पाटीवर नाव होतं. बायका ओल्या गाद्या हातगाडीवर टाकून थेट साहेबांच्या कार्यालयात गेल्या आणि त्यांच्या दारासमोर वाळत घातल्या. सिस्टरनी सासूबाईंच्या पलंगाखालच्या विटा नेल्या होत्या. त्या साहेबांच्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "या तुमच्या नावावर."

महिनाभराने आत्याला पुन्हा फोन आला. समिती पुन्हा बोलवायची आहे. रस्त्याचा 'फेरविचार' करायचा आहे. तुम्ही अनुभवी सदस्य आहात.

मी तिथेच होते. ती गाडीत बसली होती, शेजारी एक नवा शिकाऊ, इंजिन चालू. तिने फोन कानाला लावून शांतपणे ऐकून घेतलं.

"येईन," ती म्हणाली. "पण आधी एक कागद पाठवा. आम्ही जे ठरवू ते तुम्ही करणार की नाही, आणि नाही केलंत तर 'आम्ही नाही केलं' असं कोण, कुठे उभं राहून सांगणार. सहीसकट. तो आल्याशिवाय मी तुमच्या बेचव चहाला हात लावणार नाही."

पलीकडून बराच वेळ काहीतरी मऊ मऊ बोलणं चालू होतं. शिकाऊ मुलगी घाबरून आत्याच्या पायांकडे बघत होती. नवे शिकणारे सगळे तसंच बघतात.

आत्याने फोन ठेवला.

"माझ्या पायाकडे काय बघतेस?" ती खेकसली. "समोर बघ. ब्रेक आहे माझ्याकडे, पळून नाही जात मी. चल, पहिला टाक."

कागद अजून आलेला नाही.